नाव आणि टोपणनाव : उझो अडूबा यांच्या अभिनयप्रवासाचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

अभिनेत्याच्या कारकिर्दीचा विचार करताना समीक्षक सामान्यतः दोन मार्ग अनुसरतात. एक मार्ग चरित्राचा : बालपण, संघर्ष, संधी आणि यश. दुसरा मार्ग पुरस्कारांचा : कोणत्या वर्षी कोणता सन्मान मिळाला, याची नोंद. नायजेरियन वंशाच्या अमेरिकन अभिनेत्री उझो अडूबा यांच्यासंबंधीचे बहुतेक लेखन या दोन मार्गांनीच झालेले आहे. त्यांचे चरित्र प्रेरक आहे आणि पुरस्कारांची यादीही लहान नाही. त्यामुळे असे लेखन सहज रंगते. परंतु त्यांच्या भूमिकांमधून उभा राहणारा मूलभूत प्रश्न त्यात बाजूलाच पडतो.

तो प्रश्न नावाचा आहे. पडद्यावरील कृष्णवर्णीय स्त्रीला स्वतःचे नाव मिळते का, ते कोण देते, कोण हिरावून घेते आणि ते परत मिळवण्यासाठी अभिनेत्रीला काय करावे लागते? मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचे अंतर असले तरी अर्थाने त्या दोन टोकांच्या क्रिया आहेत. एकीत माणसाचे स्वत्व मान्य केले जाते, तर दुसरीत ते नाकारले जाते. अडूबा यांच्या प्रमुख भूमिका या दोन क्रियांमधील ताणातून घडल्या आहेत. प्रस्तुत लेखात 2013 ते 2025 या कालखंडातील त्यांच्या निवडक भूमिकांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी : स्थलांतर आणि नामवारसा

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज एकसंध नाही. गुलामगिरीच्या काळात बळजबरीने आणल्या गेलेल्या आफ्रिकनांचे वंशज हा त्याचा मोठा आणि ऐतिहासिकदृष्ट्या मध्यवर्ती घटक होय. 1965 च्या स्थलांतरविषयक कायद्याने वंशाधारित निर्बंध सैल केल्यानंतर शिक्षण व व्यवसायासाठी स्वेच्छेने आलेले आफ्रिकी लोक हा तुलनेने नवा घटक आहे. नायजेरियातून आलेल्या कुटुंबांचे प्रमाण त्यात लक्षणीय आहे. पहिल्या घटकातील लोकांची मूळ आफ्रिकी नावे गुलामगिरीत पुसली गेली, तर दुसऱ्या घटकातील लोक आपली नावे सोबत घेऊन आले. या दोन समूहांच्या अनुभवांतील हा फरक या अभ्यासात महत्त्वाचा ठरतो.

उझोअमाका अडूबा यांचा जन्म 1981 मध्ये बॉस्टन येथे झाला. आईवडील नायजेरियातील इग्बो समाजाचे. 1967 ते 1970 या काळातील बियाफ्रा युद्धात इग्बो समाजातील लक्षावधी माणसे उपासमारीने आणि हिंसेने मृत्युमुखी पडली. अडूबा यांच्या आई या युद्धातून वाचलेल्यांपैकी एक होत्या. कुटुंब मॅसॅच्युसेट्स राज्यातील मेडफील्ड या प्रामुख्याने श्वेतवर्णीय वस्तीच्या गावी स्थायिक झाले. 'उझोअमाका' या इग्बो नावाचा अर्थ 'रस्ता चांगला आहे' असा होतो. खडतर प्रवासानंतर मागे वळून पाहणाऱ्या पिढीने हे नाव ठेवले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातील आशयाचे वजन जाणवते.

या नावाचा एक प्रसंग अडूबा यांनी मुलाखतींतून सांगितला आहे. शाळेत कोणालाही आपले नाव उच्चारता येत नाही, म्हणून आपल्याला 'झोई' म्हणावे, असा हट्ट त्यांनी लहानपणी आईकडे धरला. त्यावर आईचे उत्तर असे होते की, लोकांना चायकोव्हस्की, मायकेलॲन्जेलो आणि दोस्तोयेव्हस्की ही नावे उच्चारायला शिकता येत असतील, तर त्यांना उझोअमाका म्हणायलाही शिकता येईल. हा प्रसंग फार लोकप्रिय झाला असून सामान्यतः तो आत्मविश्वासाचा धडा म्हणून सांगितला जातो. वास्तविक त्यात एक सांस्कृतिक युक्तिवाद आहे. उच्चाराची अवघडता ही नावात नसते. कोणाच्या नावासाठी कष्ट घ्यायचे, हे ठरवणाऱ्या सत्तासंबंधांत ती असते. युरोपीय प्रतिभावंतांसाठी जीभ वळवणारा समाज शेजारच्या मुलीसाठी ती वळवीत नसेल, तर प्रश्न जिभेचा राहत नाही.

बॉस्टन विद्यापीठात त्यांनी शास्त्रीय पाश्चात्त्य गायनाचे शिक्षण घेतले. धावपटू म्हणूनही त्यांनी नाव मिळवले होते. पुढे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्यांची जडणघडण झाली. 2007 मध्ये 'कोरम बॉय' या नाटकातून त्यांचे ब्रॉडवेवर पदार्पण झाले. 2011 मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या 'गॉडस्पेल' या संगीत नाटकातही त्यांची भूमिका होती. पडद्यावर मात्र त्यांना प्रवेश मिळत नव्हता. 2012 मध्ये अभिनय सोडून देण्याचा निर्णय त्यांनी घेतला आणि त्याच दिवशी एका मालिकेसाठी निवड झाल्याचा निरोप आला. ती मालिका म्हणजे 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'.

सुझॅन वॉरेन : टोपणनावाचे ओझे

पायपर कर्मन यांच्या 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुरुंगविषयक आत्मकथनावर आधारित आणि जेंजी कोहन यांनी निर्माण केलेली ही मालिका जुलै 2013 ते जुलै 2019 या काळात नेटफ्लिक्सवर सात पर्वांत प्रदर्शित झाली. अडूबा यांनी चाचणी दिली होती ती जनाई वॉटसन या धावपटू कैदी स्त्रीच्या भूमिकेसाठी. प्रत्यक्षात त्यांना मिळाली ती सुझॅन वॉरेनची भूमिका. मालिकेच्या जगात या स्त्रीला सुझॅन म्हणून हाक मारणारे फार थोडे आहेत. सारा तुरुंग तिला 'क्रेझी आईज', म्हणजे 'वेड्या डोळ्यांची', या नावाने ओळखतो.

आरंभीच्या भागांत ही व्यक्तिरेखा हास्यनिर्मितीसाठी योजलेली दिसते. वटारलेले डोळे, डोक्यावर बांधलेल्या केसांच्या गाठी, नवागत श्वेतवर्णीय नायिकेवर जडलेले एकतर्फी प्रेम आणि नकार मिळाल्यावर केलेले विचित्र वर्तन हे सारे घटक जुन्या ठोकळेबाज चित्रणाशी जुळणारे आहेत. कृष्णवर्णीय स्त्रीदेहाला भीती आणि विनोद यांच्या मधोमध उभे करणे ही अमेरिकन करमणुकीची जुनी रीत आहे. या रीतीला नावे ठेवून भूमिका नाकारणे हा अभिनेत्रीपुढील एक पर्याय होता. अडूबा यांनी भूमिका स्वीकारली आणि टोपणनावाच्या आत दडलेल्या नावाचा शोध घेतला.

पहिल्या पर्वाच्या उत्तरार्धात सुझॅन नायिकेला विचारते की, सगळे मला क्रेझी आईज का म्हणतात? हा प्रश्न मालिकेच्या वळणाचा बिंदू होय. प्रेक्षकाने त्या क्षणापर्यंत ते टोपणनाव सहजपणे स्वीकारलेले असते. प्रश्न येताच तो स्वतः त्या हसणाऱ्यांमध्ये सामील असल्याची जाणीव त्याला होते. अडूबा येथे आवाज चढवत नाहीत आणि अश्रूंचा आश्रयही घेत नाहीत. प्रश्नातील कुतूहल खरे वाटेल इतका साधा स्वर त्या लावतात. अपमान झाल्याचे ज्ञान आहे, पण त्याचे कारण उमगलेले नाही, अशी ही अवस्था आहे. टोपणनाव देणाऱ्यांनी वेड म्हणून जे पाहिले, ते डोळे समोरच्याचा चेहरा वाचण्याची धडपड करीत होते, असा अर्थ त्यानंतर मागील सर्व प्रसंगांना प्राप्त होतो.

याच पर्वात ती शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस' या नाटकातील उतारा अचूकपणे म्हणून दाखवते. दुसऱ्या पर्वातील गतस्मृतींतून तिची पूर्वकथा उलगडते. श्वेतवर्णीय दांपत्याने दत्तक घेतलेली ही मुलगी आईच्या अपेक्षांपोटी शाळेच्या समारंभात गाण्यासाठी उभी राहते आणि गर्दीसमोर गोठून जाते. शास्त्रीय गायनाचे पद्धतशीर शिक्षण घेतलेली अभिनेत्री येथे न फुटणारा आवाज अभिनित करते. श्वास घेतला जातो, कंठ तयार होतो आणि स्वर बाहेर येत नाही. आवाजाचे तंत्र ठाऊक असलेल्या व्यक्तीलाच त्याच्या अभावाची इतकी नेमकी नोंद करता येते.

चौथ्या पर्वात (2016) पूसी वॉशिंग्टन या कैदी मैत्रिणीचा मृत्यू होतो. निदर्शनाच्या वेळी भेदरलेल्या सुझॅनला सावरण्यासाठी ती धावते आणि पहारेकऱ्याच्या देहाखाली गुदमरून मरते. 2014 मध्ये न्यूयॉर्क येथे पोलिसांच्या पकडीत गुदमरून मरण पावलेल्या एरिक गार्नर यांच्या घटनेचे सावट या प्रसंगावर उघडपणे आहे. त्यानंतर सुझॅन ग्रंथालयातील पुस्तके स्वतःच्या छातीवर रचून घेते. श्वास कोंडणे म्हणजे काय असते, हे तिला जाणून घ्यायचे आहे. इतरांना कळलेला मृत्यू तिला शब्दांतून कळत नाही, म्हणून ती तो शरीराने समजून घेते. अडूबा यांनी या प्रसंगाला करुणाजनक करण्याचे टाळले आहे. त्यांचे लक्ष एका प्रयोगात गुंतलेल्या मुलीसारखे पुस्तकांवर स्थिर राहते आणि शोकाची तीव्रता त्या एकाग्रतेतूनच जाणवते.

या भूमिकेसाठी 2014 मध्ये विनोदी मालिकेतील अतिथी अभिनेत्रीचा आणि 2015 मध्ये गंभीर नाट्यमालिकेतील साहाय्यक अभिनेत्रीचा एमी पुरस्कार त्यांना मिळाला. मधल्या काळात नियम बदलल्याने तासाभराच्या भागांची ही मालिका विनोदी वर्गातून गंभीर वर्गात गेली होती. एकाच व्यक्तिरेखेसाठी दोन्ही वर्गांत एमी मिळवणारे त्यापूर्वीचे एकमेव कलावंत म्हणजे लू ग्रांटची भूमिका करणारे एड ॲझ्नर. हा विक्रम वरवर पाहता तांत्रिक योगायोग आहे. परंतु भूमिकेच्या स्वरूपाविषयी तो काही सांगून जातो. जी व्यक्तिरेखा एका वर्षी हास्याचा विषय म्हणून गौरवली गेली, तीच पुढल्या वर्षी शोकाचा विषय म्हणून गौरवली गेली. मधल्या अंतरात टोपणनावाचे नाव झाले होते.

या यशाला एक मर्यादाही आहे. सुझॅनचे नाव प्रेक्षकांच्या मनात परत मिळाले, तरी तुरुंगाबाहेरील प्रचारात आणि वृत्तलेखनात 'क्रेझी आईज' हेच नाव दीर्घकाळ वापरले गेले. शिवाय कृष्णवर्णीयांच्या वेदनेवर उभ्या असलेल्या या मालिकेच्या लेखकवर्गात कृष्णवर्णीय लेखक जवळपास नव्हते, या आक्षेपाची चौथ्या पर्वानंतर बरीच चर्चा झाली. अभिनेत्रीने व्यक्तिरेखेला मिळवून दिलेली प्रतिष्ठा आणि निर्मितिव्यवस्थेची रचना यांत भेद करणे म्हणूनच आवश्यक ठरते.

शर्ली चिझम : इतिहासातील नावाचे पुनरुच्चारण

2020 मधील 'मिसेस अमेरिका' ही नऊ भागांची मालिका स्त्री-पुरुष समान हक्क घटनादुरुस्तीसाठी 1970 च्या दशकात झालेल्या लढ्यावर आधारलेली आहे. घटनादुरुस्तीच्या विरोधक फिलिस श्लाफ्ली यांची मध्यवर्ती भूमिका केट ब्लँचेट यांनी केली असून अडूबा यांच्याकडे शर्ली चिझम यांची भूमिका आहे. 1968 मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या चिझम या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. 1972 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्या उभ्या राहिल्या. त्यांचे वडील ब्रिटिश गयानातून आणि आई बार्बाडोसमधून आलेली. बालपणाची काही वर्षे त्यांनी बार्बाडोसमध्ये काढली होती. स्थलांतरितांची एक कन्या दुसऱ्या स्थलांतरित कन्येची भूमिका करीत आहे, हा दुवा मालिका अधोरेखित करीत नाही; परंतु उच्चारांतील काटेकोर शिष्टपणा आणि ताठ मान यांतून अडूबा त्याची सूचना देतात.

येथे नावाचा प्रश्न उलट्या बाजूने येतो. सुझॅनकडे जगाने लादलेले टोपणनाव होते. चिझम यांच्याकडे स्वकर्तृत्वाने मिळवलेले नाव आहे आणि ते कोणी गंभीरपणे घेत नाही. मायामी बीच येथील पक्षाच्या अधिवेशनापूर्वी त्यांनी माघार घ्यावी, असा दबाव त्यांच्यावर येतो. श्वेतवर्णीय स्त्रीवादी नेत्या व्यवहाराची भाषा बोलतात, तर कृष्णवर्णीय पुरुष नेते आपल्याच समाजातील स्त्रीचे नेतृत्व मान्य करायला तयार नसतात. एकीकडे वर्ण आड येतो आणि दुसरीकडे लिंग, ही कोंडी अडूबा संवादांपेक्षा विरामांतून व्यक्त करतात. मित्र म्हणवणाऱ्यांचा सल्ला ऐकताना चेहऱ्यावरील सौजन्य तसेच राहते, फक्त उत्तर देण्यास क्षणभर उशीर होतो. त्या उशिरात सारा अपमान साठलेला आहे.

हीच अभिनेत्री चार वर्षांपूर्वी मोठे डोळे आणि अनावर देह यांच्या आधारे बोलत होती. चिझममध्ये तिने देह आवरून घेतला आहे. या दोन भूमिका शेजारी ठेवल्या म्हणजे अभिनयाची कक्षा तर ध्यानात येतेच. शिवाय हेही कळते की, कृष्णवर्णीय स्त्रीच्या अनावरपणाला जसा दंड असतो तसा तिच्या संयमालाही असतो. या भूमिकेसाठी त्यांना 2020 मध्ये तिसरा एमी मिळाला. तो स्वीकारताना त्यांनी परिधान केलेल्या वस्त्रावर ब्रिओना टेलर हे नाव होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मारल्या गेलेल्या या तरुणीचे नाव विसरले जाऊ नये, यासाठी तेव्हा देशभर आंदोलन सुरू होते. आपल्या सन्मानाच्या क्षणी दुसऱ्या स्त्रीचे नाव पुढे करणे ही कृती त्यांच्या भूमिकांतील सूत्राशी सुसंगत आहे.

परिघाकडून केंद्राकडे

2021 मध्ये एचबीओ वाहिनीने 'इन ट्रीटमेंट' ही मालिका चौथ्या पर्वाच्या रूपाने पुनरुज्जीवित केली. त्यातील डॉ. ब्रूक टेलर ही मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे अडूबा यांची पडद्यावरील महत्त्वाची मध्यवर्ती भूमिका होय. बहुतांश प्रसंगांत दोन माणसे समोरासमोर बसून बोलतात, अशी या मालिकेची रचना आहे. अभिनेत्रीला येथे प्रामुख्याने ऐकण्याचा अभिनय करावा लागतो. पूर्वी जिच्या मनावर इतरांनी शिक्का मारला, ती आता इतरांच्या मनाचे निदान करते. परंतु ब्रूकही अभंग नाही. वडिलांच्या निधनाचे दुःख, मद्याची ओढ आणि तरुण वयात दत्तक द्यावे लागलेले मूल यांचे ओझे ती वागवते. व्यावसायिक मुखवटा आणि खाजगी पडझड यांच्यामधील सीमारेषा अडूबा मुख्यत्वे आवाजाच्या पातळीवरून सांभाळतात. रुग्णांशी बोलतानाचा मंद, समतोल स्वर एकांतात कोरडा होतो.

त्याच वर्षी लिन नॉटेज यांच्या 'क्लाइड्स' या नाटकातून त्या ब्रॉडवेवर परतल्या. पेनसिल्व्हेनियातील महामार्गावरच्या एका उपाहारगृहाची ही मालकीण तुरुंगातून सुटलेल्या माणसांना कामावर ठेवते आणि त्यांच्या असाहाय्यतेचा पुरेपूर फायदा घेते. ती स्वतःही शिक्षा भोगून आलेली आहे. सुझॅनच्या भूमिकेतील निरागसतेची ही दुसरी बाजू म्हणता येईल. व्यवस्थेने चिरडलेला माणूस सत्ता हाती येताच दुसऱ्याला चिरडू शकतो, हे कटू सत्य प्रतिमासंवर्धनाची चिंता न करता त्यांनी रंगवले. या भूमिकेसाठी 2022 मध्ये त्यांना टोनी पुरस्काराचे नामांकन मिळाले.

मार्च 2025 मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द रेसिडेन्स' या आठ भागांच्या रहस्यमालिकेत व्हाइट हाउसमधील मृत्यूचा तपास करणारी कॉर्डेलिया कप ही गुप्तहेर त्यांनी साकारली. पक्षिनिरीक्षणाची आवड असलेली ही स्त्री दीर्घकाळ गप्प उभी राहते आणि समोरच्याला बोलते करते. येथे टक लावून पाहणारे तेच डोळे आहेत. मात्र आता त्यांना वेडाची खूण मानले जात नाही. ते बुद्धीचे साधन ठरले आहेत. बारा वर्षांपूर्वी ज्या नजरेला टोपणनावाचा डाग लागला, त्या नजरेपुढे आता देशाच्या सर्वोच्च निवासस्थानातील माणसे अस्वस्थ होतात. एकाच शारीरिक वैशिष्ट्याचा अर्थ संदर्भानुसार कसा पालटतो, याचे हे बोलके उदाहरण होय. या भूमिकेसाठी 2025 मध्ये विनोदी मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीच्या एमीचे नामांकन त्यांना मिळाले.

उत्कर्षाच्या कथनातील दोन विसंगती

वरील क्रम पाहता हा प्रवास कैदेतून सत्तेकडे, परिघाकडून केंद्राकडे जाणारी सरळ रेषा वाटतो. परंतु चिकित्सक दृष्टीने पाहता दोन विसंगती समोर येतात.

पहिली विसंगती मान्यतेच्या स्वरूपात आहे. अडूबा यांना मिळालेले तिन्ही एमी पुरस्कार अतिथी किंवा साहाय्यक भूमिकांसाठी आहेत. त्या केंद्रस्थानी आल्या, तेव्हा नामांकने मिळाली. मात्र 'इन ट्रीटमेंट' त्यांच्यासह एकाच पर्वापुरती चालली आणि 'द रेसिडेन्स'ही एका पर्वानंतर थांबवण्यात आली. मालिका बंद होण्यामागे खर्च, प्रेक्षकसंख्या अशी अनेक व्यावसायिक कारणे असतात. त्यामुळे यावरून थेट भेदभावाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तरीही कडेला उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा गौरव करणे उद्योगाला जितके सोपे जाते, तितके तिला केंद्रस्थानी टिकवून ठेवणे सोपे जात नाही, हे या कारकिर्दीतून स्पष्ट दिसते.

दुसरी विसंगती अधिक खोल आहे. श्रेयनामावलीत इग्बो नाव अभिमानाने झळकत असले, तरी वर चर्चिलेल्या एकाही व्यक्तिरेखेत इग्बो किंवा नायजेरियन आशय नाही. सुझॅन, चिझम, ब्रूक, क्लाइड, कॉर्डेलिया या साऱ्या स्त्रिया आफ्रिकन-अमेरिकन अथवा कॅरिबियन वारशाच्या आहेत. 2019 मध्ये ब्रिटिश-नायजेरियन अभिनेत्री सिंथिया एरिव्हो यांनी हॅरिएट टबमन यांची भूमिका केली, तेव्हा अमेरिकन गुलामगिरीचा वारसा नसलेल्या अभिनेत्रीने ती करावी का, असा वाद झाला होता. अडूबा यांच्याबाबत त्याच प्रश्नाची दुसरी बाजू विचारात घ्यावी लागते. स्थलांतरितांच्या मुलीला इतरांचा इतिहास बोलण्याची संधी मिळते. तिचा स्वतःचा इतिहास बोलण्याची संधी कोठे आहे? 'बॉब हार्ट्स अबिशोला' (2019 ते 2024) या विनोदी मालिकेत नायजेरियन कुटुंब मध्यवर्ती होते. परंतु असे अपवाद अद्याप मोजकेच आहेत.

अडूबा यांनी ही उणीव पडद्याबाहेर भरून काढली. 2020 मध्ये आईचे निधन झाल्यानंतर लिहिलेले त्यांचे आत्मकथन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. 'द रोड इज गुड' हे त्याचे शीर्षक म्हणजे त्यांच्याच नावाचे भाषांतर आहे. आईचे जीवन आणि बियाफ्राची स्मृती यांना त्यात स्थान मिळाले. जे नाव एकेकाळी टाकून द्यावेसे वाटले होते, ते ग्रंथशीर्षक झाले. मात्र त्यासाठी अभिनेत्रीला अभिनयाचे क्षेत्र सोडून लेखनाकडे वळावे लागले, ही गोष्ट त्या क्षेत्राविषयी पुरेसे सांगून जाते.

निष्कर्ष

1. अडूबा यांच्या प्रमुख भूमिकांमध्ये नाव आणि टोपणनाव यांचा संघर्ष सातत्याने आढळतो. सुझॅनमध्ये तो उघड आहे, चिझममध्ये ऐतिहासिक आहे, तर पुढील भूमिकांत तो अधिकाराच्या रूपाने व्यक्त होतो.

2. ठोकळेबाज भूमिका नाकारणे हा प्रतिकाराचा एकमेव मार्ग नाही. भूमिकेत शिरून प्रेक्षकाच्या हास्याला प्रश्नांकित करणे हाही एक मार्ग असू शकतो. मात्र तो लेखन-निर्मितीच्या रचनेत आपोआप बदल घडवीत नाही.

3. त्यांच्या अभिनयाचे सामर्थ्य दृष्टी, श्वास आणि विराम या तीन घटकांत आहे. गायनाच्या शिक्षणातून आलेले श्वासावरील नियंत्रण त्यांच्या मौनालाही आकार देते.

4. पुरस्कारांवरून उत्कर्षाचे मोजमाप करणे अपुरे आहे. केंद्रस्थानी टिकून राहण्याची संधी आणि स्वतःच्या वारशाला पडद्यावर मिळणारे स्थान हे अधिक विश्वसनीय निकष होत.

मेडफील्डमधील मुलीच्या आईने शेजाऱ्यांकडून एकच अपेक्षा केली होती : नाव उच्चारायला शिका. प्रेक्षक ते नाव आता शिकले आहेत. त्या नावामागील माणसांची कथा मात्र अमेरिकन पडद्याने अजून अडूबा यांच्या वाट्याला येऊ दिलेली नाही.